नदीचा चाळिसावा हिस्सा

यंदा रमजान आणि आर्थिक वर्षाची अखेर एकमेकांना लागून आली आहे. दोन्ही हिशेबाचे दिवस. घराघरांत जकातीची आकडेमोड सुरू आहे. वर्षभर हाताशी राहिलेली शिल्लक किती, सोने-चांदी किती, दुकानातला माल किती, देणे किती, आणि सगळी वजाबाकी करून जे उरेल त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शंभराला अडीच रुपये, गरजूंच्या हक्काचा. तिकडे सरकारी कचेऱ्यांतही घाई आहे. ३१ मार्चच्या आत खर्ची न पडलेला निधी परत जातो, म्हणून मोजमाप पुस्तिका भरल्या जातात आणि बिले कोषागाराकडे धाव घेतात.

या दोन हिशेबांत एक मोठा फरक आहे. जकात विचारते, वर्ष सरल्यावर तुमच्याजवळ राहिले किती? मार्चअखेरचा हिशेब विचारतो, वर्षभरात तुम्ही खर्च केले किती? नद्यांवर येणारा पैसा बहुतेक वेळा दुसऱ्या हिशेबाने येतो. किती घनमीटर गाळ काढला, किती मीटर खोलीकरण झाले, भिंत किती लांबीची बांधली, हे कागदावर चोख असते. उन्हाळ्यात नदीत पाणी किती राहिले आणि ते कोणाच्या उपयोगाचे राहिले, हा रकाना मात्र क्वचितच दिसतो.

बीड हा नद्यांच्या उगमाचा जिल्हा आहे, असे मे महिन्यात कोणी म्हटले तर लोक हसतील. पण मांजरा, सिंदफणा आणि बिंदुसरा या तिन्ही नद्या बालाघाटच्या डोंगररांगेतून, पाटोद्याच्या पठारावरून निघतात. बिंदुसरा बीड शहराच्या मधून वाहत सिंदफणेला मिळते. सिंदफणा माजलगावचे धरण भरून मंजरथला गोदावरीत उतरते. मांजरा केज तालुक्यात धनेगावचे धरण भरते, लातूरची तहान भागवते आणि कर्नाटक, तेलंगण असा ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून कंदकुर्तीला त्याच गोदावरीला भेटते. गोदावरीच्या मुखाशी, आंध्रात काकीनाड्याजवळ, कोरिंगाची खारफुटी आहे. खारफुटी आणि तिथली मासेमारी जगते ती नदीने आणलेल्या गोड पाण्यावर आणि गाळावर. तो गाळ आता वाटेवरच्या धरणांत अडकतो. पाटोद्याच्या माळावरची माती माळालाही राहत नाही आणि समुद्राच्या काठालाही पोचत नाही. ती माजलगावात आणि धनेगावात साठून धरणाची जागा खाते.

या नद्यांकडे दुर्लक्षाची किंमत बीडकरांना दोन टोकांनी चुकवावी लागली. जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली. पहिल्या गाडीने १२ एप्रिलला ५ लाख लिटर पाणी पोचवले. सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक दुरून आलेल्या त्या पाण्याची बातमी देशभर झाली. धरण मात्र बीड जिल्ह्यात होते, याची आठवण फार थोड्यांना राहिली. दुसरे टोक पुराचे. २३ जुलै १९८९ च्या बिंदुसरेच्या पुराने बीड शहरातल्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या, माणसे वाहून गेली. ज्यांनी तो दिवस पाहिला, त्या घरांत आजही पाऊस लांबला की नदीकडे कान लागतात. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा, मांजरा आणि गोदावरीने काठावरची उभी पिके नेली, कित्येक ठिकाणी पिकाखालची मातीही नेली. त्यानंतर राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले.

पुरानंतर मदत द्यायलाच हवी. ज्याची जमीन खरडून गेली, त्याला पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा असे कोण म्हणेल? पण दुष्काळात रेल्वे आणि पुरात पॅकेज, या दोहोंच्या मधल्या वर्षांत नदीसाठी कोणता पैसा असतो, हा प्रश्न विचारायला हवा. कारण नदी बिघडते ती याच मधल्या, बातमी नसलेल्या वर्षांत.

या मधल्या वर्षांत पैसा आलाच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. जलयुक्त शिवार अभियान २०१४ च्या अखेरीस सुरू झाले. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली; २०२३ पासून तिच्यात लहान शेतकऱ्याला गाळ शेतात नेऊन पसरवण्यासाठी एकरी १५ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि तलावातला गाळ पडीक रानात जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या ज्या पहिल्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत अंबाजोगाई होता. गावेच्या गावे टिकाव-फावडे घेऊन बांधावर उतरली. कष्टात बीड जिल्हा कोणाला हार जात नाही. दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर पुरवणाऱ्या जिल्ह्याला श्रमाचे धडे कोणी देऊ नयेत.

मग अडते कुठे? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या अहवालाने जलयुक्त शिवारबद्दल उत्तर दिले आहे. ९ हजार ६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्याच्या आणि गावाची पाण्याची गरज भागवण्याच्या उद्दिष्टावर फारसा परिणाम झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. झालेल्या कामांच्या देखभालीकडे झालेले दुर्लक्षही त्यात नोंदले आहे. या अहवालावर राजकारण भरपूर झाले. मात्र राजकारण बाजूला ठेवले तर त्यातला धडा साधा आहे: बांधायला पैसा मिळाला, राखायला मिळाला नाही, आणि काम करण्याआधी व केल्यानंतर मोजायला तर त्याहून कमी मिळाला.

प्रदूषणाच्या बाबतीत हेच घडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक. त्या यादीत बिंदुसरा आहे आणि मांजराही आहे. यादी ठरवण्याची मुख्य कसोटी अशी की, पाण्यातली घाण कुजताना जो प्राणवायू खर्च होतो, त्याचे प्रमाण लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेले तर ते पाणी आंघोळीलाही योग्य राहत नाही. कारखान्यांची गर्दी नसलेल्या शहरातली नदी या यादीत जाते, तेव्हा दोषी शोधायला दूर जावे लागत नाही. घराघरांतले सांडपाणी नाल्यांतून थेट पात्रात उतरते. त्यात मशिदीच्या गल्लीचे पाणी आणि मंदिराच्या गल्लीचे पाणी वेगळे काढता येत नाही.

अशा नद्यांसाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजना आहे. तिच्यात सांडपाणी प्रकल्पांचा बांधकाम खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात. बांधलेले केंद्र चालवण्याचा भार मात्र राज्यावर आणि नगरपालिकेवर असतो. वीजबिल, रसायने, कामगारांचा पगार आणि पंपाची दुरुस्ती नगरपालिकेच्या पट्टीतून निघायची. ज्या नगरपालिकेला पथदिव्यांचे बिल भरताना दम लागतो, ती हे कुठून भरणार? फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते आणि काही वर्षांत पंपाला कुलूप लागते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या अनेक गावांना नवीन नाही.

‘सरकारी पद्धतच तशी आहे, तिला इलाज नाही’ असे म्हणणाऱ्यांनी गंगेकडे पाहावे. २०१४ मध्ये नमामि गंगेसाठी २० हजार कोटी रुपये ठरले. पुढे तिच्यातल्या सांडपाणी प्रकल्पांसाठी पैसे देण्याची पद्धतच बदलली. हरिद्वार आणि वाराणसीच्या प्रकल्पांपासून असे ठरले की, ठेकेदाराला बांधकामाच्या काळात ४० टक्के रक्कम मिळेल आणि उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत, ठरलेल्या गुणवत्तेचे पाणी बाहेर पडते की नाही ते पाहून. पैशाची गाठ बांधण्याशी होती, ती चालवण्याशी मारली गेली. गंगेची सगळी दुखणी त्याने गेली असे नाही. पण अनुदानाची रचना बदलता येते, एवढे सिद्ध झाले. गंगेला १५ वर्षांची हमी आणि बिंदुसरेला एका मार्चची, हा भेद नदीच्या लांबीवरून ठरू नये.

ही समज काही नवी नाही. बीड शहराच्या दक्षिणेला खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. रचनाकार म्हणून राजा भास्कर यांचे नाव सांगितले जाते. पाणी आणणारे आणि ते शिवाराकडे नेणारे मिळून तीन भुयारी मार्ग आहेत. पाणी उपसावे लागत नाही, उताराने आपोआप शेतांकडे जाते. बीडमध्ये कोणाही पाहुण्याला हे अभिमानाने दाखवले जाते आणि मुसलमान जहागीरदार, हिंदू स्थपती असा दाखलाही दिला जातो. तो दाखला खराच आहे. पण बावडीत त्याहून मोठी शिकवण आहे. भुयारी मार्ग चार शतके चालतो, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी आत उतरून गाळ काढत आलेले असते. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले, राखणाऱ्यांची नावे राहिली नाहीत. पाणी मात्र त्यांच्यामुळे राहिले.

जुन्या समाजाने राखणदारीचा खर्च दान देतानाच धरलेला असे. वक्फ या शब्दावर सध्या इतका वाद आहे की त्याचा मूळ अर्थच मागे पडला आहे. मूळ मालमत्ता कायमची बांधून ठेवायची, ती विकायची नाही, वाटायची नाही, आणि तिच्या उत्पन्नातून विहीर, सराई, मदरसा किंवा दवाखाना चालवायचा, ही ती कल्पना. देवस्थान इनामातही हीच व्यवस्था: मंदिर बांधून थांबायचे नाही, दिव्याच्या तेलासाठी जमीन लावून द्यायची. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी वाटणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांचा मोबदला शेतकरी आपल्या पिकातून देत. म्हणजे इस्लामी परंपरेत, मंदिराच्या परंपरेत आणि साध्या शेतकऱ्याच्या व्यवहारात एकच शहाणपण आहे: ज्याची राखण कोणाच्या पोटाशी बांधलेली नाही, ते टिकत नाही.

आता संशोधनाकडे येऊ. संशोधन म्हटले की बीडमधल्या माणसाला ते दूरच्या प्रयोगशाळेतले काम वाटते. पण पुराची रेषा कशी ठरते ते पाहावे. नदीकाठी निळी रेषा असते ती सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. काठावरच्या माणसाला घर बांधता येईल की नाही, त्याच्या प्लॉटची किंमत काय राहील, उद्या त्याला उठवले जाईल का, हे या रेषांवर ठरते. आणि या रेषा ठरतात त्या वर्षानुवर्षांच्या पावसाच्या आणि प्रवाहाच्या नोंदींवर. नोंदी तुटपुंज्या असतील तर रेषा अंदाजाने निघते, आणि अंदाजाची किंमत काठावरचा गरीब देतो.

वरच्या पातळीवर याची जाण आली आहे. नदी समजून घेण्यासाठी राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले. केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने २०२४ मध्ये सहा नदीखोऱ्यांच्या अभ्यासाचे काम १२ संस्थांकडे सोपवले. गोदावरी नागपूरच्या नीरीकडे आणि हैदराबादच्या आयआयटीकडे आली. हे स्वागतार्ह आहे. मात्र गोदावरीचे खोरे तीन लाख चौरस किलोमीटरांहून मोठे. एवढ्या मोठ्या खोऱ्याच्या आराखड्यात बिंदुसरा म्हणजे एक बारीक रेघ. त्या रेघेवर दर आठवड्याला पाणी किती, त्याचा रंग-वास कसा, पहिल्या पावसानंतर कोणत्या नाल्यातून काय आले, हे नागपूर-हैदराबादहून येऊन कोणी मोजणार नाही. ते बीड, केज, माजलगाव, गेवराईच्या महाविद्यालयांनाच करावे लागेल. रसायनशास्त्र, भूगोल आणि वनस्पतिशास्त्राचे विभाग जवळ आहेत, विद्यार्थी आहेत, आणि प्रकल्प म्हणून दरवर्षी तेच ते जुने विषय पुन्हा लिहिले जात आहेत. पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी, गावागावांत पर्जन्यमापक, महिन्यातून एकदा ठरलेल्या जागांवरचा पाण्याचा नमुना: नदी खोल करणाऱ्या एका यंत्राच्या डिझेलपुढे हा खर्च किरकोळ आहे.

हे जमते का, याचे उत्तर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजार गाव दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडते आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवते. तिथला बदल बंधाऱ्यांनी सुरू झाला, पण टिकला तो या ताळेबंदाने.

म्हणून सूचना अशी की, बीड जिल्ह्यात नदी, नाला, तलाव यांवर होणाऱ्या प्रत्येक सरकारी कामाच्या रकमेतला चाळिसावा हिस्सा मोजणीसाठी आणि राखणीसाठी वेगळा काढावा. ४० लाखांच्या कामात १ लाख. हा निधी मार्चला परत जाणारा नसावा, किमान पाच वर्षांचा असावा. त्याचा एक भाग महाविद्यालयांना नोंदी ठेवण्यासाठी, उरलेला गावातल्या राखणदारांच्या मानधनासाठी आणि लहान दुरुस्त्यांसाठी. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी तरतूद असतेच. सुरुवात तिथून करता येईल. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि पाण्याची गुणवत्ता राखणे त्या कामांच्या यादीत आहे. कारखानदारांकडे तोही मार्ग मागता येईल.

चाळिसावा हिस्सा हा आकडा जकातीचा असला तरी ही मागणी जकातीच्या पैशाची नव्हे. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, त्यांत नदी बसत नाही आणि गरिबाच्या ताटातले काढून बंधाऱ्याला देऊही नये. घ्यायची आहे ती तिची शिस्त: दर वर्षी, ठरल्या दिवशी, ठरल्या प्रमाणात, कोणी मागायला येण्याची वाट न पाहता.

यावर आक्षेप येतील आणि ते पोकळ नसतील. पहिला असा की, राखणीचा निधी म्हणजे समित्यांचे आणि पुढाऱ्यांचे नवे कुरण. ही भीती बीडमध्ये कोणी हसण्यावारी नेणार नाही. उपाय एकच, नोंदी उघड ठेवणे. पुलावरची मोजपट्टी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याचा आकडा लिहिला आणि वर्तमानपत्रात छापला, तर खोटे लिहिणाऱ्याला गावच विचारेल. खोलीकरणाच्या घनमीटरांचे तसे नसते. पहिल्या पुरात पुरावाच वाहून जातो. दुसरा आक्षेप असा की, टँकर लागणाऱ्या गावाला आकडे काय कामाचे? टँकरला हात लावायचा नाहीच. पण कोणत्या गावाला टँकर कधी लागेल, हे जानेवारीत सांगू शकणारी नोंदवही असेल, तर एप्रिलमधली धावपळ आणि त्यातला मलिदा दोन्ही कमी होतील.

राहिला शहराचा आपला वाटा. वाहत्या नदीकाठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही पैगंबरांची शिकवण रमजानच्या प्रवचनांत दरवर्षी सांगितली जाते. नदी समोर वाहत असताना काटकसर कशासाठी, असे वाटणाऱ्याला त्यात उत्तर आहे: पाणी मुबलक आहे म्हणून ते आपले होत नाही, ते अमानत राहते. तरावीहच्या दिवसांत मशिदींच्या हौदावर आणि नळांवर एरवीपेक्षा कितीतरी अधिक पाणी लागते. ते तुलनेने स्वच्छ पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात किंवा झाडांना देणे अवघड नाही. गणेशोत्सवाच्या मंडळांना, मंगल कार्यालयांना, वसतिगृहांनाही हे जमण्यासारखे आहे. विहीर खोदून देणे हे सदका-ए-जारिया, माणूस गेल्यावरही चालू राहणारे दान, मानले जाते. चालू राहते ते पाणी चालू राहते तोवरच. गाळाने बुजलेल्या विहिरीवर नावाची पाटी उरते, दान उरत नाही.

ईदनंतर दहा-अकरा दिवसांत आर्थिक वर्ष संपेल, नव्या वर्षाचे आराखडे मंजुरीला जातील, आणि त्यांत पुन्हा खोलीकरण, रुंदीकरण आणि संरक्षक भिंती असतील. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत एखाद्या सदस्याने, तो कोणत्याही पक्षाचा आणि कोणत्याही धर्माचा असो, प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारावा: हे काम पाच वर्षांनी कोण पाहणार आणि त्याचा पगार कुठून निघणार? उत्तर नसेल, तर ते काम त्या बैठकीपुरते बाजूला ठेवावे. पहिला पाऊस यायला तेव्हा दोन महिने असतील. बिंदुसरेच्या पुलांवर मोजपट्ट्या रंगवायला तेवढे दिवस पुरे आहेत.